वय सत्तेचाळीस, कारण वार्धक्य

मृत्यूच्या नोंदी करणाऱ्या आमच्या कार्यालयात तीन खिडक्या आहेत. पहिली टेकडीवरच्या लोकांसाठी, दुसरी बाजारपेठेसाठी आणि तिसरी खालच्या वस्तीसाठी. तिसरी माझी. पहिल्या दोन खिडक्यांवर लोक ताटकळत उभे असतात, घामाघूम होतात, भांडतात. माझ्या खिडकीवर रांग म्हणून कोणी पाहिली नसेल. माणूस आला की सात मिनिटांत मोकळा. शेजारच्या खिडकीवरचा कारकून मला ‘शेवटचा शिक्का’ म्हणायचा. तो चिडवायला म्हणायचा, त्याचं ऐकून वस्तीतले लोकही म्हणायला लागले, आणि मी मात्र कॉलर ताठ करायचो.

सात मिनिटांचं गुपित सांगतो. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आमच्या अर्जाला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला नाव, वय, पत्ता आणि मृत्यूचं कारण. डॉक्टरचा दाखला असेल तर कारण त्यातून उतरवून घ्यायचं. दाखला नसेल तर अर्ज उलटायचा आणि मागचे आठ प्रश्न घरच्यांना विचारायचे. किती दिवस आजारी होते, काम काय करत होते, खोकला होता का, दम लागायचा का, असे. त्यावरून कारण ठरवायचं. टेकडीवरचा माणूस गेला की तीन-तीन पानी दाखला येतो. एक्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ गेले, तर त्यांचा मुलगा पहिल्या खिडकीवर तावातावाने विचारत होता, असे अचानक कसे गेले म्हणून. खालच्या वस्तीत डॉक्टरच नाही. टेकडीवरचा डॉक्टर ज्याला तपासलंय त्याचाच दाखला देतो, आणि तपासून घ्यायचं तर दोनशे दहा पायऱ्या चढून जायचं, तेही कामाचा दिवस बुडवून. पायऱ्या चढण्याइतका दम असता तर तो माणूस डॉक्टरकडे कशाला गेला असता?

नोकरीला लागलो तेव्हा मी ते आठ प्रश्न विचारायचो. माणसं रडायची. तिसऱ्या प्रश्नाला बाई रडायला लागली की पाऊण तास हलायची नाही, मागे रांग वाढायची, आणि साहेब आतून ओरडायचे. मग मी पट्टी घेतली. अर्ज उलटा केला, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली, की मागची बाजू संपली. ‘लागू नाही’ असा तिचा अर्थ. पुढच्या बाजूला वयाकडे एक नजर टाकायची आणि दोनपैकी एक कारण लिहायचं. ‘हृदय बंद पडल्याने’ नाहीतर ‘वार्धक्य’. माझं अक्षर मोत्यासारखं आहे. रेघसुद्धा कधी वाकडी गेली नाही.

आकडेवाल्या बाई आल्या त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मुख्य कार्यालयातून कोणी तरी येणार, तिसऱ्या खिडकीचीच दप्तरं मागवलीत, असं आठवडाभर ऐकत होतो. बायकोला मी सांगूनही ठेवलं होतं, बहुतेक शाबासकी मिळणार. बाई तिशीच्या असतील. पायात साध्या चपला, हातात कागदांचं हे एवढं बाड. बोलायला एकदम मऊ.

“काका, मी नऊ देशांतल्या गावांचे आकडे जुळवतेय,” त्या म्हणाल्या. “जिथे जिथे फरशी घासायचे कारखाने आहेत, अशी गावं. दगडाची धूळ सगळीकडे सारखीच. पण कुठे दगडावर पाणी सोडून घासतात, कुठे दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, कुठे आजारपणाची पगारी रजा मिळते. त्याप्रमाणे मरणाचं वय दहा-दहा, वीस-वीस वर्षांनी मागेपुढे होतं. पैसेवाला देश असूनही कुठे लवकर मरतात, आणि गरीब देशात कुठे जास्त जगतात, असंही आहे. पण छातीच्या रोगाने मरणारे सगळीकडे सापडतात. फक्त तुमच्याकडे नाहीत. सहा वर्षांत दोन.”

“हवा चांगली आहे आमच्याकडे,” मी म्हणालो.

हे मी बोललो. कोणी बोलायला लावलं नव्हतं. आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरा कागद काढला. “आणि हे तुमचे वार्धक्याने गेलेले,” असं म्हणून त्या नुसती वयं वाचायला लागल्या. “सेहेचाळीस. एक्कावन्न. अठ्ठेचाळीस. पन्नास. सेहेचाळीस. त्रेपन्न.” शाळेत हजेरी घेतात तसं. मग थांबून त्यांनी विचारलं, “काका, तुमचं वय काय?”

“बावन्न.”

चारच महिन्यांपूर्वी कार्यालयात माझा वाढदिवस झाला होता. साहेबांनी पाठीवर थाप मारून ‘आमचा तरुण गडी’ म्हटलं होतं आणि मी केसांतून हात फिरवून सगळ्यांना हसवलं होतं. ते आठवलं आणि माझा हात उगाच केसांकडे जाऊन परत आला.

त्यांनी दप्तर माझ्याकडे वळवलं. पानामागून पान, वार्धक्य, वार्धक्य, वार्धक्य, आणि सगळं माझ्या मोत्यासारख्या अक्षरात. कसं सांगू? मला खरंच ते कधी खटकलं नव्हतं. खिडकीपलीकडे जी माणसं यायची ती मला म्हातारीच दिसायची. पांढरी पडलेली, गालफडं बसलेली, कठड्याला धरून उभी राहणारी. जो गेला तोही तसाच असणार, असं धरून चालायचो. लिहिताना वयाचा आकडा डोळ्यांसमोर असायचा, पण मी माणसाकडे बघून लिहायचो. नाही, तेही खरं नाही. मी माणसाकडेही बघत नव्हतो.

एका पानावर बाईंचं बोट पोहोचायच्या आत मी तळहात ठेवला. त्यांना वाटलं मी पान धरलंय. त्या तळहाताखाली लिहिलेलं होतं, वय सत्तेचाळीस, कारण वार्धक्य, खबर देणार पत्नी. ती पत्नी म्हणजे माझी धाकटी बहीण.

चिमी. आम्ही दोघं एकाच खोलीत वाढलो. मी शिकलो आणि मला खुर्ची मिळाली. तिच्यासाठी स्थळ मीच आणलं. फरशीच्या कारखान्यात कायमची नोकरी, माणूस निर्व्यसनी, दहा वेळा बजावून सांगितलं होतं मी घरात. भाऊजी खरोखरच भला माणूस होता. माझ्या घरी आला की खोकला आला तर उठून बाहेर जायचा, आम्हाला त्रास नको म्हणून. आम्ही त्याला सभ्यपणा समजायचो.

तो गेल्यावर चिमी माझ्या खिडकीवर आली. मी तिचा अर्ज लगेच हातात घेतला. तिला सात मिनिटंसुद्धा लागली नाहीत, चारच लागली. ती सांगायला लागली होती, “दादा, शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं होऊन...” आणि मी म्हणालो होतो, “असू दे चिमे, आता ते कशाला उगाळतेस.” पट्टी माझ्या हातातच होती. मला वाटलं होतं मी मायेने वागतोय.

आकडेवाल्या बाई फक्त जाब विचारायला आल्या नव्हत्या. छातीचा फोटो काढायची एक फिरती गाडी आमच्या भागात येणार होती. डॉक्टर, औषधं, सगळं तिच्यातच. दोन वर्षं ती एकाच गावात थांबणार होती, आणि कुठल्या गावात ते छातीच्या रोगाने गेलेल्यांच्या आकड्यावरून ठरणार होतं. यादी महिनाअखेरीला बंद होणार होती. आमच्या गावाचा आकडा दोन.

चिमी त्याच कारखान्यात घासलेल्या फरश्या कोरड्या फडक्याने पुसते. गेल्या हिवाळ्यापासून तीही माझ्या घरी आली की मधेच उठून बाहेर जाते.

“बाईसाहेब, आकडा तुम्हीच बदलून टाका ना,” मी म्हणालो. “तुम्हाला तर कळलंच आहे काय झालंय ते.”

“म्हणजे मीही न विचारताच लिहू?” त्या म्हणाल्या.

मला राग आला. लाज वाटायच्या वेळी मला आधी राग येतो, हा माझा जुना रोग आहे. वीस वर्षांच्या चाकरीत कोणी असं तोंडात मारल्यासारखं बोललं नव्हतं. पण त्या शांतपणे दुरुस्तीचे अर्ज मोजून माझ्यापुढे ठेवत होत्या. नियम असा होता की प्रत्येक नोंदीसाठी घरच्यांना आठही प्रश्न विचारायचे, त्यांची सही घ्यायची आणि ‘चुकीचे कारण’ या शेवटच्या रकान्यात चूक का झाली ते लिहून खाली कारकुनाने सही करायची. सहा वर्षांत माझ्या रेघा मारलेल्या नोंदी होत्या एकशे त्रेसष्ट. गाडी आमच्याकडे यायची तर त्यातल्या निम्म्या तरी महिनाअखेरीच्या आत दुरुस्त व्हायला हव्या होत्या. हातात एकोणीस दिवस होते.

“चुकीचं कारण काय लिहितात?” मी विचारलं.

“बहुतेक जण ‘नजरचूक’ लिहितात,” त्या म्हणाल्या आणि बाड बांधायला लागल्या.

नजरचूक. मला तो शब्द आवडला. त्यात कोणाचंच नाव येत नाही.

एकोणीस दिवस मी खिडकी दुसऱ्यावर सोपवून खालच्या वस्तीत फिरलो. इतकी वर्षं तिथल्या लोकांची नोंद मी केली, पण चिमीच्या घरापलीकडची एक गल्ली मला माहीत नव्हती. कारखान्यांच्या मागच्या भिंतींना लागूनच घरं. दोरीवर वाळत घातलेले कपडे झटकून आत घ्यावे लागतात. झाडाच्या पानावर बोट ओढलं की हिरवी रेघ उमटते. यंत्रांचा आवाज इतका सतत की लोक बोलतात तेच मुळी ओरडून, आणि ओरडलं की खोकतात. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो मी. तोंडपाठ केलेली उत्तरं होती माझ्याकडे, कामाचा बोजा, अपुरी माणसं, वरून दट्ट्या. एकाही घरात ती वापरावी लागली नाहीत.

लोकांनी मला खुर्ची पुसून दिली. एका म्हातारीचा मुलगा एकोणचाळिसाव्या वर्षी गेला होता. त्याच्या कागदावर मी ‘हृदय बंद पडल्याने’ लिहिलं होतं. तिने आठ प्रश्नांची उत्तरं द्यायला दीड तास घेतला. त्याच्या लहानपणचे दात पडण्यापासून सुरुवात केली. मी मधे तोडलं नाही. तिसऱ्या प्रश्नाला ती रडली, सहाव्याला हसली. मुलगा खोकला लपवायला मोठ्याने शीळ घालायचा म्हणे, आणि त्याला शीळ मुळीच घालता यायची नाही. निघताना तिने माझा हात धरला.

“बरं झालं आलास बाबा. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.”

चार शिव्या घातल्या असत्या तर मी ताठ मानेने घरी गेलो असतो. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून अर्ज पुरा केला. चुकीचे कारण, नजरचूक. सही.

असे एक्क्याण्णव अर्ज झाले. व्हायला हवे होते त्यापेक्षा जास्तच. आता चिमीकडे नाही गेलो तरी चालेल, असा हिशेबही मनात करून झाला. एक अर्ज कमी-जास्त झाल्याने काय बिघडतं? रोज तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की मी दुसरीकडे वळायचो. शेवटच्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी मी मागच्या गल्लीतून सटकत होतो आणि ती समोर दारातच उभी होती.

“सगळी वस्ती पालथी घातलीस,” ती म्हणाली. “माझंच घर तेवढं दिसेना होय रे दादा?”

आत गेलो. एक खोली, एक खाट, भिंतीवर भाऊजीचा फोटो. तिने पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत फळीवरचा डबा खाली काढला. त्यात तळाशी चार घड्या घातलेला कागद होता.

“हाच ना?”

“तू वाचलास?”

“त्याच दिवशी. तुझ्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून.”

“मग बोलली का नाहीस, चिमे? येऊन चार लोकांत माझी खरडपट्टी काढायचीस.”

“काय बोलायचं? तू शिकलेला. वर्षानुवर्षं हेच काम करतोस. मला वाटलं, असेल बाबा. आमच्याकडे म्हातारपण लवकरच येतं.”

“अगं, सत्तेचाळीस म्हणजे काय म्हातारपण असतं का?”

“तुमच्याकडे नसेल,” ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. माझ्या बहिणीला टोमणे मारता येतात, लहानपणापासून मी ते खाल्लेत. हे ती साधं सांगत होती, टेकडीवर वारा जास्त असतो असं सांगावं तसं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी अर्ज काढला आणि एकेक प्रश्न विचारायला लागलो. आपल्याच बहिणीला तिच्या नवऱ्याचं काम काय होतं म्हणून विचारताना जीभ जड होते. तिने सगळं सांगितलं. शेवटची दोन वर्षं त्याला आडवं होता यायचं नाही. भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. तिने खाट थोडी पुढे ओढली. भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक तेलकट गोल डाग होता. त्या खोलीत मी कितीदा आलो असेन, त्या खाटेवर बसून गप्पा मारल्या असतील, माझ्या पाठीमागेच तो डाग होता.

सातवा प्रश्न होता, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का.

“घरात आहेच कोण? मी एकटी.”

“मग तुला आहे का?”

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला उबळ आली. फडकं तोंडाशी धरून ती सवयीने उठून दाराबाहेर गेली. स्वतःच्या घरातून. मला त्रास नको म्हणून. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू.

“मला काही रोगबिग नाही रे,” ती म्हणाली. “चव्वेचाळीस झाली मला. वयाचंच आहे.”

तिने ते माझ्याकडून घेतलं होतं. माझ्याच अक्षरातलं, शिक्का मारलेलं, डब्यात जपून ठेवलेलं. मी लिहिलेलं तिने आपल्या छातीला लावून घेतलं होतं.

सातव्या प्रश्नापुढे मी लिहिलं, ‘होय. पत्नी, वय ४४.’ आठवा पुरा केला. तिने सही केली. शेवटचा रकाना आला. ‘न’ काढला आणि हात पुढे जाईना. डोळ्यांसमोर तीच होती ना त्या दिवशी? नजर चुकली कुठे होती? ‘न’ खोडला आणि लिहिलं, ‘विचारले नाही.’

मग पिशवीतले एक्क्याण्णव अर्ज काढून तिच्या खाटेवर मांडले. एकेकावरची नजरचूक खोडत गेलो आणि तेच दोन शब्द लिहीत गेलो. चिमी शेजारी बसून लिहून झालेले अर्ज एकावर एक रचून देत होती. मधेच म्हणाली, “हे पाहून साहेब तुला काढतील.” मी म्हणालो, “काढू देत.” संध्याकाळच्या आत सगळे अर्ज कार्यालयात पोचते केले. मला काढलं नाही. खिडकी तेवढी काढून घेतली.

गाडी आली. वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि पहिल्याच दिवशी रांग कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. मी चिमीला घेऊन गेलो होतो. आमचा नंबर यायला दुपार झाली. टेबलाशी बसलेला माणूस सकाळपासून लिहून दमला होता. बिचाऱ्याने मान वर केलीच नाही.

“वय?”

“चव्वेचाळीस.”

“काय त्रास?”

“काही विशेष नाही. वयाचंच आहे,” चिमी म्हणाली.

त्याने मान डोलावली. पेन कागदावर टेकलं. पुढे काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

“थांबा,” मी म्हणालो. “तिला परत विचारा.”

“अहो काका, मागे रांग बघा केवढी आहे.”

“रांग असू दे. तिला नीट विचारा.”

मागून कोणी तरी ओरडलं. ‘शेवटचा शिक्का’ आज रांग अडवून उभा आहे, असंही कोणी तरी म्हणालं आणि लोक हसले. मी टेबलाच्या कडेला हात रोवून उभा राहिलो. त्या माणसाने पहिल्यांदा मान वर करून चिमीकडे बघितलं.

“सांगा ताई,” तो म्हणाला. “कधीपासून होतंय?”

चिमीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती सांगायला लागली. तिने भाऊजीपासून सुरुवात केली आणि ती बराच वेळ बोलत राहिली.